आधी विचारा, मग हात लावा

१९५०च्या दशकात दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड शहरात एक तरुण फिजिओथेरपिस्ट दर आठवड्याला अर्धा दिवस ग्रंथालयात काढत असे. उरलेला आठवडा त्यानं दवाखाना आणि वर्ग यांच्यात वाटून घेतला होता. ग्रंथालयात तो जे वाचायचा ते सगळंच प्रतिष्ठित वैद्यकशास्त्र नव्हतं. डॉक्टरांच्या ग्रंथांच्या जोडीला ऑस्टिओपॅथ, कायरोप्रॅक्टर आणि चक्क हाडवैद्य यांची पुस्तकंही तो बारकाईनं वाचायचा. त्यातलं पटेल ते रुग्णांवर करून बघायचं, काय झालं ते लिहून ठेवायचं आणि त्याचा अर्थ विद्यार्थ्यांसमोर उलगडायचा, असा त्याचा क्रम होता.

त्याचं नाव जेफ्री डग्लस मेटलंड (१९२४–२०१०). मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही फिजिओथेरपी महाविद्यालयात ‘ग्रेड टू मोबिलायझेशन दे’ असं कुणी म्हटलं, तर विद्यार्थ्याला आणखी काही सांगावं लागत नाही. ही प्रतवारी मेटलंड यांची. पाठीच्या मणक्यावर अंगठे टेकवून किती जोरानं, किती खोल आणि किती लांबीची हालचाल द्यायची, याची भाषा त्यांनी घडवली आणि ती जगभर गेली. पण त्यांच्या कामाची खरी किंमत त्या अंगठ्यांत नाही. उपचार म्हणजे दरवेळी रुग्णाच्या शरीराला विचारलेला प्रश्न, आणि उत्तर मिळाल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही, ही सवय त्यांनी एका अख्ख्या व्यवसायाला लावली. अंगठ्यांबद्दलच्या त्यांच्या काळातल्या बऱ्याच समजुती पुढे डळमळल्या. सवय मात्र टिकली.

दवाखाना आणि वर्ग

मेटलंड अ‍ॅडलेडचेच. दुसऱ्या महायुद्धात ते ऑस्ट्रेलियन हवाई दलात होते आणि ब्रिटनमध्ये तैनात होते. युद्धावरून परतल्यावर १९४६ ते १९४९ या काळात त्यांनी फिजिओथेरपीचं शिक्षण घेतलं. पहिली नोकरी रॉयल अ‍ॅडलेड हॉस्पिटल आणि तिथल्या मुलांच्या रुग्णालयात होती. थोड्याच काळात त्यांनी स्वतःचा दवाखाना सुरू केला आणि त्याबरोबर शिकवायलाही लागले. ज्या संस्थेत ते शिकवत ती पुढे साउथ ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या नावानं ओळखली गेली. नंतर ती युनिव्हर्सिटी ऑफ साउथ ऑस्ट्रेलियाचा भाग झाली.

त्या काळात कंबरदुखीचा रुग्ण फिजिओथेरपिस्टकडे आला की शेक, मालिश आणि व्यायाम हा ठरलेला उपचार असे. मणक्याला प्रत्यक्ष हात घालणं हे ऑस्टिओपॅथ आणि कायरोप्रॅक्टरांचं काम, आणि डॉक्टरमंडळी त्यांच्याकडे संशयानं बघत. याला मोठा अपवाद लंडनमध्ये होता. सेंट थॉमस हॉस्पिटलमधले डॉक्टर जेम्स सिरियाक्स सांधे आणि स्नायूंची पद्धतशीर तपासणी शिकवत होते आणि मणक्यांची हाताळणी फिजिओथेरपिस्टनी करावी, असं उघडपणे मांडत होते. अ‍ॅडलेडपासून लंडन खूप लांब. म्हणून मेटलंड यांनी पत्रव्यवहाराचा मार्ग धरला. वाचलेल्या पुस्तकांच्या लेखकांना ते पत्रं लिहीत, शंका विचारत.

१९६१ मध्ये एका अभ्यासनिधीतून त्यांना परदेश दौऱ्याची संधी मिळाली. पत्नी अ‍ॅन यांच्यासह ते निघाले आणि ज्यांना आजवर फक्त पत्रांतून ओळखत होते त्यांना भेटत, त्यांचं काम बघत हिंडले. त्यांत ऑस्टिओपॅथ होते, कायरोप्रॅक्टर होते, डॉक्टर होते आणि फिजिओथेरपिस्टही होते. लंडनला सिरियाक्स यांच्या विभागात दुपारच्या जेवणाच्या वेळी रुग्ण बघत चर्चा झाल्या. इंग्लंडमधल्या ग्रेगरी ग्रीव्ह या फिजिओथेरपिस्टशी तर कायमची मैत्री जडली.

कोणताही एक संप्रदाय न स्वीकारता ते परत आले. ऑस्टिओपॅथीचा एक सिद्धान्त होता, कायरोप्रॅक्टिकचा दुसरा, सिरियाक्स यांचा तिसरा. प्रत्येकाच्या मते दुखण्याचं मूळ वेगळं होतं आणि तरीही प्रत्येकाकडे बरे होणारे रुग्ण होते. यातून मेटलंड यांनी काढलेला निष्कर्ष व्यवहारी होता. कारणाबद्दल सगळ्यांचे वाद असतील, पण रुग्णाला काय होतंय आणि उपचारानंतर त्यात काय बदललं, हे तर रुग्ण आणि उपचार करणारा या दोघांनाही दिसतं ना? मग आधार त्याचाच घ्यायचा.

१९६४ मध्ये मणक्याच्या हाताळणीवरचं त्यांचं ‘व्हर्टिब्रल मॅनिप्युलेशन’ हे पुस्तक आलं. १९७० मध्ये हातापायांच्या सांध्यांवरचं दुसरं पुस्तक आलं. चित्रं अ‍ॅन यांनी काढली होती. पुढे या पुस्तकांच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत राहिल्या.

हळू हाताची प्रतवारी

या पुस्तकांमधली सर्वात प्रसिद्ध गोष्ट म्हणजे हालचालींच्या चार प्रती. त्या समजून घ्यायच्या तर आपल्याच हाताची मधली तीन-चार बोटं दुसऱ्या हातानं हळूहळू मागे वळवून पाहा. सुरुवातीला काहीच अडवत नाही. मग एका जागी किंचित ताण जाणवायला लागतो. आणखी रेटलं की शेवटी एक हद्द येते, तिच्यापुढे बोटं जात नाहीत. प्रत्येक सांध्याला असा एक मोकळा टप्पा असतो आणि त्यानंतर एक अडणारा टप्पा. मणक्यांमधल्या छोट्या सांध्यांनाही तो असतो. फक्त तिथली हालचाल काही मिलिमीटरांची.

मेटलंड यांची ग्रेड वन म्हणजे मोकळ्या टप्प्याच्या अगदी सुरुवातीला दिलेली बारीक, झुलती हालचाल. ग्रेड टू मोठी, पण मोकळ्या टप्प्यातच राहणारी. ग्रेड थ्री मोठी आणि अडणाऱ्या टप्प्यात शिरणारी. ग्रेड फोर त्याच अडणाऱ्या टप्प्यात, पण बारीक. ठोकळ नियम असा की दुखणं वरचढ असेल तर पहिल्या दोन प्रती आणि आखडलेपण वरचढ असेल तर पुढच्या दोन. याशिवाय पाचवी प्रत आहे, झटक्याची. तिच्यात कधी ‘कट’ असा आवाज येतो आणि लोकांच्या मनात मणक्याच्या उपचाराचं चित्र सहसा तेच असतं.

झटका आणि बाकीच्या चार प्रती यांच्यात मेटलंड यांनी आखलेली रेघ महत्त्वाची आहे. पहिल्या चार प्रतींत हालचाल इतकी संथ असते की रुग्णाला नको वाटलं तर तो अंग ताठ करून ती थांबवू शकतो. झटक्यात तो वेळच त्याला मिळत नाही. म्हणजे हा फरक जोराचा कमी आणि रुग्णाच्या ताब्याचा जास्त. १९६२ मध्ये मणक्याची हाताळणी शिकवण्यातल्या अडचणींवर त्यांनी एक निबंध सादर केला. त्यात त्यांनी हा फरक मांडला आणि दुखणं कमी करायला हळुवार हालचालींचा उपयोग होतो, असा आग्रह धरला. हाताळणी म्हणजे ताकद, असा समज असलेल्या काळात ही गोष्ट नवी होती.

विद्यार्थ्यांना हे शिकायला सोपं जात नाही. रुग्ण पालथा झोपलेला, शिकणाऱ्याचे दोन्ही अंगठे मणक्याच्या बाहेर आलेल्या टोकावर. दाब अंगठ्यांच्या स्नायूंनी द्यायचा नसतो. कोपर जवळपास सरळ ठेवून छाती आणि खांद्यांचा भार खाली सोडायचा आणि अंगठ्यांनी फक्त तो पोहोचवायचा. नवखे विद्यार्थी अंगठ्यांनीच रेटतात, आणि मग रुग्णाच्या कंबरेआधी त्यांचेच अंगठे दुखायला लागतात. अंगठेदुखी ही या व्यवसायातली ओळखीची व्याधी आहे.

प्रश्नांची शिस्त

मेटलंड यांच्या पुस्तकांत हात लावायच्या आधी बरीच पानं जातात. ती प्रश्नांची असतात. दुखतं कुठे, हे रुग्णानं स्वतः बोट ठेवून दाखवायचं आणि ते शरीराच्या छापील आकृतीवर नोंदवायचं. दुखणं सारखं असतं की येतं-जातं? काय केल्यानं वाढतं, काय केल्यानं कमी होतं? सकाळी उठल्यावर कसं असतं, दिवस मावळताना कसं, रात्री झोपेतून उठवतं का? सुरुवात कशी झाली? यापूर्वी असं झालं होतं का आणि तेव्हा कशानं बरं वाटलं होतं?

यातले काही प्रश्न धोका ओळखण्यासाठी असतात. कारण नसताना वजन उतरलंय का? लघवीवरचा ताबा सुटलाय का? दोन्ही मांड्यांच्या मध्ये, बसायच्या जागी बधिरपणा आलाय का? दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलंय का? यातल्या एखाद्याचं उत्तर ‘हो’ आलं तर हाताळणी थांबते. बसायच्या जागेचा बधिरपणा आणि लघवीची तक्रार एकत्र असेल तर मणक्यातल्या खालच्या नसांचा जुडगा दाबला गेल्याची शक्यता असते आणि रुग्णाला तातडीनं रुग्णालयात पाठवावं लागतं.

उरलेले प्रश्न प्रमाण ठरवतात. दुखण्याच्या तीव्रतेबरोबर मेटलंड यांनी आणखी एक गुण मोजायला लावला: ते किती लवकर चिडतं आणि शांत व्हायला किती वेळ घेतं. दोघांची कंबर सारखीच दुखत असेल. एकाला तासभर बाग खणल्यावर दुखतं आणि पाच मिनिटं बसलं की थांबतं. दुसऱ्याचं दुखणं मंद आचेवर ठेवलेल्या दुधासारखं असतं, भांडी घासायला दोन मिनिटं वाकलं की उतू जातं आणि खाली बसायला संध्याकाळ होते. पहिल्याची तपासणी सविस्तर करता येते, उपचारही थोडे जोराचे देता येतात. दुसऱ्याच्या बाबतीत पहिल्या दिवशी दोन-तीन चाचण्यांवर थांबायचं आणि उपचार अगदी थोडा द्यायचा. नाहीतर तपासणीनंच रुग्ण आठवडाभर आडवा पडतो आणि काय कशानं झालं हे कुणालाच कळत नाही.

प्रश्न विचारताना रुग्णाचे शब्द बदलायचे नाहीत, हाही त्यांच्या शिकवणीचा भाग होता. रुग्ण ‘ओढ लागते’ म्हणाला तर नोंद ‘ओढ’ अशीच करायची, तिचं ‘वेदना’ करायचं नाही. पुढच्या वेळी त्याच शब्दानं विचारायचं, ‘ती ओढ कशी आहे?’ शब्द बदलला की मोजपट्टी बदलते, आणि मग सुधारणा झाली की नाही हे सांगता येत नाही.

एका वेळी एकच बदल

प्रश्न झाल्यावर शरीराची तपासणी. इथे मेटलंड शोधायचे ती अशी एक हालचाल, जी केली की रुग्ण म्हणेल, ‘हेच! हेच माझं दुखणं.’ समजा, पुढे वाकताना बोटं गुडघ्यापर्यंत पोहोचली की उजव्या कुल्ल्यात चमक निघते. ही खूण नोंदवहीत लिहायची आणि तिच्यापुढे ठळक चांदणी काढायची. मग उपचार द्यायचा, तोही एकच. लगेच रुग्णाला उभं करून पुन्हा वाकायला सांगायचं. बोटं आता नडगीच्या मध्यापर्यंत जातात का? चमक तिथेच आहे की सरकली? फरक नसेल तर तंत्र बदलायचं, जागा बदलायची किंवा प्रत बदलायची. पण तिन्ही एकदम बदलायचं नाही, कारण मग गुण कशानं आला हे कळणार नाही.

रुग्ण दुसऱ्या वेळी आला की प्रश्नांची मालिका पुन्हा सुरू. मागच्या वेळी इथून बाहेर पडल्यावर लगेच कसं वाटलं? त्या रात्री? दुसऱ्या दिवशी सकाळी? आता? आणि हे सगळं लिहायचं. अगदी सुरुवातीपासून विद्यार्थ्यांनी उपचाराच्या नोंदी ठेवाव्यात यावर त्यांचा कटाक्ष होता. आपण काय करतोय याचा विचार करायचा तर आधी ते कागदावर उतरवून स्वतःला बांधून घ्यावं लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

दवाखाना आणि वर्ग यांची सांगड इथेच बसते. हातांचं कौशल्य पुस्तकातून अर्धंच कळतं. पण हातांच्या मागचा निर्णय कागदावर आला की तो विद्यार्थ्याला दाखवता येतो, त्यावर वाद घालता येतो, तो चुकीचा ठरवता येतो. शिक्षकानं स्वतः रुग्ण बघणं सोडलं की त्याच्याकडे शिकवायला कालचे निर्णय उरतात. मेटलंड यांनी चाळीसहून अधिक वर्षं स्वतःच्या दवाखान्यात रुग्ण बघितले.

याच पद्धतीतून एक चाचणी जन्माला आली. १९७९ मध्ये त्यांनी तिचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि आज ‘स्लम्प टेस्ट’ या नावानं ती प्रत्येक फिजिओथेरपिस्टच्या हाताशी आहे. रुग्ण टेबलाच्या कडेला बसतो, पाठीला पोक काढतो, हनुवटी छातीला लावतो आणि एक गुडघा सरळ करतो. मांडीच्या मागे ओढ लागते. ही ओढ स्नायूची की नसेची? आता त्याला फक्त मान वर करायला सांगायचं. मांडीचा स्नायू मानेपर्यंत जात नाही, त्यामुळे मान हलल्यानं त्याचा ताण बदलण्याचं कारण नाही. पण मेंदूपासून पायापर्यंत जाणारी मज्जासंस्था अखंड असते. मान वर केल्याबरोबर मांडीची ओढ कमी झाली, तर संशय नसेवर जातो. कुठलंही यंत्र नाही, एका मिनिटाचं काम, आणि मागचा तर्क शाळकरी मुलालाही समजेल असा.

मेंदूतली विटांची भिंत

सिद्धान्त आणि रुग्ण यांचं नातं समजावताना मेटलंड एका भिंतीची कल्पना वापरत. डोक्यात विटांची एक भिंत आहे असं समजा. एका बाजूला शास्त्र: शरीररचना, निदानाची नावं, एक्स-रे, दुखण्याच्या कारणांबद्दलचे तर्क. दुसऱ्या बाजूला समोरचा रुग्ण: त्याची हकीकत, लक्षणं, खुणा. भिंत भक्कम नाही, तिच्या सांध्यांतून दोन्हीकडची माहिती ये-जा करते. पण दोन बाजूंमध्ये विरोध आला तर शब्द रुग्णाच्या बाजूचा मानायचा. एखाद्या लक्षणाचं कारण पुस्तकात सापडत नाही म्हणून ते लक्षण खोटं ठरत नाही.

एमआरआयच्या काळात या भिंतीची गरज वाढली आहे. २०१५ मध्ये अमेरिकन संशोधकांनी काहीही न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या मणक्यांच्या तपासण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात मणक्यांमधल्या गादीची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांत आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत आढळली. म्हणजे पांढऱ्या केसांइतकीच ती वयाबरोबर येते. अहवालात ‘डीजनरेशन’ हा शब्द वाचून घाबरलेला रुग्ण समोर बसतो तेव्हा त्याचं दुखणं त्या शब्दानं समजत नाही. ते कधी वाढतं, कधी उतरतं, हे विचारल्यावर समजायला लागतं.

अंगठ्यांची परीक्षा

१९६५ मध्ये अ‍ॅडलेडला मणक्याच्या हाताळणीचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम झाला. १९७४ मध्ये त्याचा एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम झाला. त्याच वर्षी कॅनडात मॉन्ट्रियलला या शाखेच्या फिजिओथेरपिस्टांचा आंतरराष्ट्रीय महासंघ उभा राहिला, आणि नॉर्वेचे फ्रेडी काल्टेनबोर्न, इंग्लंडचे ग्रीव्ह यांच्याबरोबर मेटलंड त्याच्या संस्थापकांत होते. १९७६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेनं डॉक्टरच्या चिठ्ठीची अट काढून टाकली आणि रुग्ण थेट फिजिओथेरपिस्टकडे जाऊ लागला. थेट येणाऱ्या रुग्णाला तपासायचं तर धोक्याच्या खुणा ओळखणारी प्रश्नांची शिस्त हवीच, आणि ती ऑस्ट्रेलियात तयार होती. १९८१ मध्ये मेटलंड यांना एमबीई हा ब्रिटिश किताब मिळाला.

मान्यतेपाठोपाठ कसोटीची वेळ आली, आणि कसोटी घेणारे बरेचसे ऑस्ट्रेलियनच होते. मणका किती आखडलाय हे अंगठ्यांना कळतं, हा हाताळणीतला पायाभूत विश्वास. १९९०च्या दशकात तिथल्या संशोधकांनी अनुभवी फिजिओथेरपिस्टांना एकच रुग्ण वेगवेगळा तपासायला लावला. दाबल्यावर दुखतं का, यावर त्यांचं बऱ्यापैकी एकमत झालं. आखडलेपणावर मात्र झालं नाही. एकाला दगडासारखा लागलेला मणका दुसऱ्याला नेहमीसारखा वाटत होता.

२००३ मध्ये आणखी एक धक्का बसला. कंबरदुखीच्या १४० रुग्णांवरच्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात निम्म्यांना फिजिओथेरपिस्टनं विचारपूर्वक निवडलेलं तंत्र दिलं आणि निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं यदृच्छेनं निवडलेलं. दोन्ही गटांना मिळालेला तात्काळ आराम सारखाच होता. तंत्राच्या सूक्ष्म निवडीवर घालवलेल्या वर्षांचं काय, असा प्रश्न अनेकांना पडला असणार.

हळूहळू स्पष्टीकरण बदललं. अंगठ्याच्या दाबानं सरकलेला मणका जागेवर बसतो किंवा अडकलेला सांधा सुटतो, हे चित्र मागे पडलं. हाताचा स्पर्श आणि झुलती हालचाल मज्जारज्जू आणि मेंदूतल्या दुखणं कमी-जास्त करणाऱ्या यंत्रणांवर परिणाम करतात, असं आता मानलं जातं. आरामाचा काही वाटा रुग्णाच्या अपेक्षेचा आणि विश्वासाचा असतो. शिवाय नव्यानं उद्भवलेली कंबरदुखी बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत आपोआप उतरते, त्यामुळे एकट्या दवाखान्यातल्या नोंदींवरून श्रेय ठरवणं धोक्याचं. मेटलंड यांच्या चांदण्यांना ही मर्यादा आहे. एका रुग्णाबद्दल ‘पुढे काय करावं’ हे त्या सांगतात, ‘हा उपचार सर्वांसाठी खरा आहे का’ हे सांगायला मोठ्या, यदृच्छ निवडीच्या चाचण्याच लागतात.

हात न लावता

पुढची पायरीही अ‍ॅडलेडशीच जोडलेली आहे. मेटलंड यांच्या परंपरेत तयार झालेले डेव्हिड बटलर यांनी आधी नसांच्या हालचालींवर काम केलं. मग ते आणि लॉरिमर मोझली यांनी मिळून २००३ मध्ये ‘एक्सप्लेन पेन’ हे पुस्तक लिहिलं. दुखणं म्हणजे इजेचा आकडा नसून शरीराला धोका आहे असं मेंदूला वाटल्यावर वाजणारा इशारा, हे सामान्य रुग्णाला समजावणं हा त्याचा हेतू. मोझली पुढे युनिव्हर्सिटी ऑफ साउथ ऑस्ट्रेलियात प्राध्यापक झाले.

२००४ मध्ये मोझली यांनी जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांना दुखण्यामागचं शरीरशास्त्र नीट समजावून सांगितलं. व्यायाम नाही, हाताळणी नाही, फक्त बोलणं. आधी आणि नंतर त्यांनी काय मोजलं? पाय सरळ किती उचलता येतो आणि पुढे किती वाकता येतं. दोन्ही सुधारलं. अंगठा टेकला नव्हता, तरी मेटलंड यांच्या वहीत जिच्यापुढे चांदणी पडली असती ती खूण बदलली होती.

वरवर पाहता हा हाताळणीचा पराभव वाटेल. पण तो पराभव सिद्ध झाला तो खूण शोधा, एक बदल करा, पुन्हा मोजा याच जुन्या शिस्तीनं. आपल्याच आवडत्या तंत्राला खोटं ठरवू शकेल अशी शिस्त शिकवणं, हे फार थोड्या शिक्षकांना जमतं.

आपल्याकडे काय

भारतात फिजिओथेरपीचं औपचारिक शिक्षण मुंबईतच सुरू झालं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, पोलिओच्या साथींच्या पार्श्वभूमीवर, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं केईएम रुग्णालयात पहिलं विद्यालय उघडलं. हाजी अलीची पुनर्वसन संस्था त्याच दशकातली. आज राज्यभर महाविद्यालयं आहेत. रुग्णालयाशी जोडलेल्या जुन्या महाविद्यालयांत जी व्यक्ती ओपीडीत रुग्ण बघते तीच वर्गात शिकवते. अ‍ॅडलेडची घडी इथेही आहे, निदान रचनेत.

रोजच्या दवाखान्यात मात्र चित्र मिश्र आहे. कंबरदुखीचा रुग्ण येतो, पाच मिनिटांत नाव-पत्ता आणि ‘कुठे दुखतं’ एवढं होतं, मग यंत्र लावलं जातं, ट्रॅक्शन म्हणजे कंबरेला ताण दिला जातो, पट्टा बांधायला सांगितलं जातं. दहा बैठकांचे पैसे आधीच घेतलेले असतात, त्यामुळे तिसऱ्या बैठकीत गुण नसला तरी चौथी तशीच होते. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. रुग्णाला माहिती देणं, व्यायाम आणि मणक्याची हाताळणी यांना त्यांत जागा आहे. ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड, त्वचेवरून सौम्य वीजप्रवाह देणारं टेन्स यंत्र आणि कंबरेचा पट्टा हे नेहमीच्या उपचारात वापरू नयेत, असंही त्यांत म्हटलं आहे. ब्रिटनच्या २०१६च्या सूचनांनुसार हाताळणी द्यायची ती व्यायामाच्या जोडीनं, एकटी नाही. २०२० मध्ये जगभर सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, त्यामुळे यातला फरक किरकोळ नाही.

रुग्ण म्हणून आपल्याला ग्रेड वन आणि ग्रेड फोरमधला फरक कळायची गरज नाही. तीन गोष्टी मात्र कुणालाही तपासता येतात. उपचाराआधी पुरेसे प्रश्न विचारले का, आणि त्यांत रात्रीचं दुखणं, वजन, लघवी यांबद्दलचे होते का? एखादी हालचाल उपचाराच्या आधी आणि लगेच नंतर करून बघितली का? आणि दोन-तीन बैठकांत फरक नसेल तर उपचार बदलला का? तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर यंत्र कितीही महागडं असो, तिथे उपचार चाललाय असं म्हणता येणार नाही. आणि उत्तर ‘हो’ असेल, तर पहिल्या दिवशीची वीस मिनिटं नुसत्या बोलण्यात गेली म्हणून कुरकुर करू नये. पुढच्या सगळ्या बैठकांची दिशा त्या वीस मिनिटांत ठरते.